जाळीचे हेडफोन

त्या दिवसातलं सातवं लग्न पाटोद्याला होतं आणि सुरजचे कान सकाळपासून दुखत होते.

माघातलं ऊन म्हणजे काही वैशाखातलं नव्हे. पण एवढे जड हेडफोन सकाळी आठपासून डोक्यावर चढवून माणूस मांडवामांडवांतून हिंडला, की कानांना घाम सुटतो, कानशिलं ठणकायला लागतात आणि मान आखडून जाते. गाडीत बसल्यावर तरी काढावेत, तर पुढाऱ्याच्या पोराची गाडी कुठं लपते? प्रत्येक फाट्यावर कुणीतरी हात करणार, काच खाली घ्यावी लागणार, आणि काच खाली आली की कानावर हेडफोन दिसलेच पाहिजेत. तसा हुकूमच होता.

हुकूम सुंदररावांचा. केज तालुक्यात त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतात. गावात त्यांची शिक्षणसंस्था, वसतिगृह, आणि जिल्हा परिषदेत एकेकाळी त्यांच्या शब्दाला असलेलं वजन. ते वजन आता सुरजच्या पदरात टाकायचं होतं. सुरज त्यांचा एकुलता एक मुलगा, वय चौतीस. निवडणूक आज लागते, उद्या लागते म्हणता म्हणता वर्षं लोटली होती, आणि तोवर काय करायचं, तर हजेरी लावायची. आमच्याकडं राजकारण भाषणावर चालत नाही, हजेरीवर चालतं. लग्न, जावळ, दहावा, वास्तुशांत. पुढारी आला तर लोक पंधरा मिनिटांत विसरतात आणि नाही आला तर पाच वर्षं ध्यानात ठेवतात.

तेव्हा पाटोद्याच्या मांडवातही सुरज सोफ्यावर जाऊन बसला. यजमानांनी फेटा आणला. हेडफोनवरून फेटा बसत नाही हे आता सगळ्या तालुक्याला पाठ झालं होतं. आधी हेडफोन काढायचे, फेटा बांधायचा आणि मग फेट्यावरून हेडफोन पुन्हा चढवायचे. आरशात ते ध्यान कसं दिसतं हे बघायचं सुरजनं केव्हाच सोडून दिलं होतं.

आता या हेडफोनचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कुणाला बैलांचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा. सुरजला आवाजाचा होता. पुण्यात शिकायला असताना तो लागला. मोबाइलवर असल्या नादिष्टांचा एक ग्रुप होता, गावोगावची तीस-चाळीस माणसं. कुठल्या हेडफोनमधून तबल्याचा डग्गा खरा वाजतो यावरून ही माणसं आठ-आठ दिवस भांडत. नुसती वायर बदलली तर सतारीत फरक पडतो की नाही यावरून दोघांनी कायमचा अबोला धरला होता. बाहेरच्याला हा सगळा वेडाचा बाजार वाटेल, आणि तो होताच. पण सुरजला त्या बाजारात फार बरं वाटायचं. तो कुणाचा मुलगा आहे हे तिथं एकालाही ठाऊक नव्हतं.

दीड वर्ष वाट पाहून त्यानं हे हेडफोन मागवले. परदेशी कंपनीचे, जाळीचे. हेडफोन दोन तऱ्हेचे असतात. एक बंद डब्याचे, जे कानाला झाकण लावतात; जाहिरातीत दिसतात ते हे. दुसरे पाठीकडून उघडे, नुसती बारीक जाळी लावलेले. त्यात आवाज असा मोकळा वाटतो की गाणारा समोरच्या बाजेवर येऊन बसलाय. पण जाळी ती जाळीच. आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. म्हणून ते एकट्यानं, माडीवर, दार लावून ऐकायचे. त्यांना मोबाइलही पुरत नाही, घरी आवाज वाढवणारी एक वेगळी पेटी लागते. असले हेडफोन घालून चारचौघांत जाणं म्हणजे त्या ग्रुपच्या लेखी निव्वळ अडाणीपणा.

सुरजनंही तो हौसेनं केला नव्हता. गावात पार्सल येत नव्हतं, ते मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर ठेवलेलं. सोडवायला गेला आणि राहवेना म्हणून तिथंच खोकं फोडून, डोक्याला कसे बसतात एवढंच बघायला, त्यानं ते कानावर चढवले. वायर मोकळीच लोंबत होती. डोळे मिटून तो पाच मिनिटं बसला असेल. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत फोटो जिल्ह्यात. खाली विरोधकांनी लिहिलेलं: 'बाप लोकांच्या दारात, पोरगं ढाब्यावर गाण्यात.'

सुंदरराव भडकले. "ते कानातलं ढोलकं आदी मोडून टाक," म्हणाले. ते मोडलं असतं तर बरं झालं असतं. पण अभिमन्यू आडवा आला. हा साहेबांचा प्रसिद्धीवाला. बॅनर, व्हिडिओ, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं त्याच्याकडं. त्यानं फोटो मोठा करून कंपनीचं नाव शोधून काढलं होतं.

"सायेब, मोडायचं न्हाई, ह्येच चालवायचं," तो म्हणाला. "कुणाचा गॉगल हाय, कुणाचे पांढरे बूट हायेत, कुणाचा गमजा हाय. आपल्या दादाचं काय हाय? तर ह्ये. ही कंपनी लई मोठी हाय. जिल्ह्यात दुसऱ्याकडं असली तर मला सांगा."

आठ दिवसांत चौकाचौकांत बॅनर लागले. सुरजचा हात जोडलेला फोटो, कानावर हेडफोन आणि खाली ओळ: 'बडबडीला कान नाही, कामाला तोड नाही!' पोरांना ते आवडलं. युसूफ वडगावच्या बाजारात एका दुकानदारानं प्लास्टिकचे तसलेच हेडफोन दोरीला टांगले आणि वर पाटी लावली, 'सुरजदादा स्टाइल'. ग्रुपमधल्या एकानं बॅनरचा फोटो पाहून लिहिलं, 'अहो, जाळीचे घालून लग्नाला? भर पावसात उघडं ताट घेऊन जेवायला बसल्यासारखं आहे हे. आणि वायर कशात घातलीय?'

वायर जाकिटाच्या खिशात घातली होती, आणि खिशात रुमाल होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सुरजनं उत्तर दिलं नाही. हळूहळू तो ग्रुपवर जायचाच बंद झाला. घरी पेटीवर धूळ बसली. ज्या गाण्यासाठी हेडफोन घेतले ते गाणं त्यानं दहा महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं, आणि हेडफोन मात्र दिवसाचे बारा तास डोक्यावर होते.

लोकांनी त्याला बहिरा धरून टाकलं. एवढे मोठे, एवढ्या मोठ्या कंपनीचे, म्हणजे काहीच ऐकू येत नसणार. कामाचं असलं की त्याच्या तोंडाजवळ येऊन, हातवारे करून, बेंबीच्या देठापासून ओरडत. "दादाऽऽ! चहाऽऽ!" आणि कामाचं नसलं की त्याच्या देखतच एकमेकांशी वाट्टेल ते बोलत. 'खुळं हाय', 'बापाच्या जिवावर हाय', 'ह्याला मत द्यायचं म्हंजी भिताडाला द्यायचं.' पहिल्या पहिल्यांदा त्याला हसू यायचं. आपल्याला ऐकू येतं हे त्यानं सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. खोटेपणाची सुरुवात बहुतेक अशीच होते.

चूक एकच केली. एका संध्याकाळी गंमत म्हणून त्यानं हे वडलांना सांगितलं.

सुंदरराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "म्हंजी तुला समदं ऐकू येतं?"

"येतं की, अण्णा. जाळी हाय."

"अन् लोकांला वाटतं, येत न्हाई." ते बराच वेळ मुलाच्या तोंडाकडं बघत राहिले. बापाच्या नजरेत कौतुक सुरजनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "कुणापाशी बोलू नगंस."

भिंतीला कान असतात म्हणतात. सुंदररावांना घरबसल्या हिंडती भिंत मिळाली. त्या दिवसापासून सुरजला कुठं बसायचं, कुणाच्या शेजारी बसायचं हे ठरवून पाठवलं जाऊ लागलं, आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत एकच प्रश्न: "आज काय कानावर आलं?" सुरज काहीबाही सांगायचा. कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाला हसलं.

मग आषाढात युसूफ वडगावात एका जावळाच्या पंगतीत तो भागवत आणि तानाजीच्या शेजारी बसला. दोघं मेहुणे. तानाजीला भागवतची बहीण योगिता दिलेली. भागवत सुंदररावांच्या वसतिगृहावर अकरा वर्षं रोजंदारीवर शिपाई होता. वरण कालवता कालवता तो तानाजीला म्हणाला, "अकरा वर्सं झाली, सायेब कायम करतो म्हणतेत. आता कावून थांबायचं? येवढ्या बारीला आपलं मत तिकडं."

सुरजला ते लागलं. अकरा वर्षं म्हणजे काही चेष्टा नव्हे. त्या रात्री त्यानं वडलांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "अण्णा, त्याचं बरोबर हाय. त्याला कायम करा." सुंदरराव "बरं" म्हणाले.

आठव्या दिवशी भागवतला वसतिगृहाच्या फाटकावरूनच परत लावलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सुरज वडलांशी भांडला, दोन दिवस जेवला नाही. सुंदरराव शांतपणे म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून कळलं मला. तू लई कामाचा हायेस." शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. दसरा झाल्यावर भागवत बायकोला घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेला. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. अकरा वर्षं शिपाई होता तो आता अर्धा कोयता झाला.

त्यानंतर सुरज घरी काही सांगेनासा झाला. "आज काय ऐकलं?" "बँड." "अन्?" "अक्षता."

पण सुंदरराव सोडणारे नव्हते. आपल्यातलाच कुणीतरी विरोधकांशी बोलतोय असा त्यांना वास लागला होता. आज सकाळी निघताना त्यांनी सुरजला बाजूला घेतलं. "माझा बंकटवर संशय हाय. दिवसभर त्यो तुज्यापाशी हाय. संध्याकाळी मला हो का न्हाई ते पायजे."

बंकट म्हणजे बंकटकाका. सत्तावीस वर्षं साहेबांची गाडी चालवणारा, सुरजला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा, सायकल शिकवताना मागून धरून धावणारा. आणि संशय खरा होता. दहा दिवसांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात गाडी चालवता चालवता बंकटकाकानं आरशात एकदा सुरजकडं बघितलं, हेडफोन आहेत याची खात्री केली आणि फोनवर बोलला, "येतो म्हणलं की. पर आदी पोराच्या नोकरीचं बगा. हितं सत्तावीस वर्सं गेली, गुडघे गेले. आता न्हाई होत."

सुरजला राग यायला पाहिजे होता. आला नाही. त्याला फक्त असं वाटलं की आपण पुढं झुकून म्हणावं, काका, मलाही होत नाही. पण बहिऱ्यानं बोलायचं कसं?

हो म्हणावं तर बंकटकाकाचा भागवत होणार. नाही म्हणावं, तर अण्णा सुरजचा चेहरा वाचतात. इतक्या दिवसांत एवढं तरी त्याला कळलं होतं. सातही लग्नांत तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता आणि ऊन कलायला लागलं होतं.

पाटोद्याच्या मांडवात सोफ्याच्या पाठीवर हात टेकून बंकटकाका मागं उभा होता. समोर अभिमन्यू मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता. शेजारी दोन-चार कार्यकर्ते, एक सरपंच. मंगलाष्टकं उरकली होती, पंगती बसत होत्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी वाट काढत आली. नऊवारी लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती येऊन थेट सुरजच्या समोर उभी राहिली.

बंकटकाका पुढं झाला. "काय काम हाय, आजी? त्यांला ऐकू येत न्हाई. कानाला हाय त्यांच्या."

"म्हाईत हाय मला," म्हातारी म्हणाली. "मी जानकीबाई. भागवतची आई. नवरी माझ्या भावाची नात हाय, म्हणून आलते."

"सायबांना भेटा मग घरी येऊन."

"ऐकणारी मान्सं लई बगितली, बाबा. ऐकतेत अन् घरी जातेत." ती तिथंच, सोफ्याच्या पायाशी सतरंजीवर बसली. "ह्याला ऐकू येत न्हाई त्येच बरं हाय. बोलते अन् मोकळी हुते. तुजं काय जातं?"

अभिमन्यूनं मोबाइल तिच्याकडं वळवला. गरीब म्हातारी दादांच्या पायाशी. चांगला व्हिडिओ झाला असता. सुरज समोर बघत राहिला, अंगवळणी पडलेलं हसू तोंडावर ठेवून.

"माझा भागवत तुज्या बापाच्या बोर्डिंगावर हुता," जानकीबाई सांगू लागली, त्याच्या तोंडाकडं न बघता, सतरंजीची दशी ओढत. "अकरा वर्सं. काडून टाकला. काडला तर काडला, तुमचं हाय, तुमी काडाल. त्येचं न्हाई सांगत मी. त्यो येक शबुद बोललता पंगतीत. जवळ कोन, तर तानाजी, माझा जावई. तिसरा तू, पर तुज्या कानावर ह्ये. मंग सायबाला सांगितलं कुनी?"

मागं वाढपी "बुंदी, बुंदी" ओरडत गेला.

"भागवत गेला तानाजीच्या दारात. त्येच्या लेकरांम्होरं त्येचा बाप काडला, चुगलखोर म्हणला. तवापसून योगिता न्हाई आली माझ्याकडं. दिवाळीला न्हाई, संक्रांतीला न्हाई. तानाजी म्हणतो, त्या घरात माझी बायको जायाची न्हाई. अन् त्याचं बी काय चुकलं? मला ठावं हाय, तानाजी तसला न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. पर भागवत म्हणतो, मंग कुनी सांगितलं, देवानं? त्याला काय उत्तर देऊ मी?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तितं तिसरा तू येकलाच हुतास, लेकरा. तुला इचारावं म्हणलं असतं, पर तुला इचारून काय उपेग?"

नोकरी गेली हे त्याला ठाऊक होतं. त्याचं दुःख तो सात महिने बाळगत होता, आणि ते बाळगतोय म्हणून स्वतःला जरा बरा माणूसही समजत होता. पण आपल्या गप्प बसण्यानं दुसऱ्याच कुणाच्या माथ्यावर चुगलीचा शिक्का बसलाय, एक लेक माहेराला तुटलीय, हे त्याच्या गावीही नव्हतं. दहा महिने सगळं ऐकलं आणि नेमकं हेच ऐकू आलं नव्हतं.

उत्तर दिलं तर काय होईल हे त्याला लख्ख दिसत होतं. मागं बंकटकाका, शेजारी सरपंच, समोर चालू मोबाइल. पण तो इतका थकला होता की तेही त्याला फारसं मोठं वाटेना. याला धाडस म्हणू नये. ओझं वाहणारा माणूस जिथं दम संपतो तिथं ते खाली ठेवतो. त्याचा दम पाटोद्यात संपला.

"आजी," तो म्हणाला, "तानाजीनं न्हाई सांगितलं. मी सांगितलं."

जानकीबाईच्या हातातली दशी तशीच राहिली. "तुला ऐकू येतं?"

"येतं. हे घालून बी येतं. पहिल्यापासून येतं."

अभिमन्यूचा हात खाली आला. सोफ्याच्या पाठीवरची बंकटकाकाची बोटं निघाली. शेजारचा सरपंच सकाळीच सुरजच्या मांडीला मांडी लावून त्याच्याविषयी काहीतरी बोलला होता. तो एकदम उठला आणि ताटं बघायला निघून गेला. ज्याच्या त्याच्या तोंडावर आपापलं जुनं बोलणं आठवल्याचं दिसत होतं.

जानकीबाई मात्र तशीच बसून होती. "मंग इतके दिस कावून गप बसलास?"

"मला वाटलं, अण्णा त्याला कायम करतील. म्हणून सांगितलं."

"त्ये सांगताना. मंग काडल्यावर?"

"गप बसलो," एवढंच तो म्हणाला.

ती त्याला काही लागेल असं बोलली नाही, आणि तिनं पोटाशीही धरलं नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं बटणांचा मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेऊन एक बटण दाबलं आणि त्याच्या हातात दिला. "ह्ये भागवतला सांग. माझ्यावर त्याचा इस्वास बसायचा न्हाई."

फोन कानाला लावायचा तर हेडफोन काढावे लागले. त्याबरोबर फेटाही सुटला आणि गळ्यात आला. कानाला वारं लागलं.

पलीकडं उसाच्या पाल्याची सळसळ होती, कुणीतरी मोळी बांधायला हाक मारत होतं. "हां आई, जेवलीस का?"

"भागवत, मी सुरज बोलतोय. सुंदररावांचा."

आणि मग त्यानं सांगितलं. चार वाक्यांत संपलं.

"आवाज येतो का माझा?" भागवतनं विचारलं.

"येतो."

"मंग ऐका. मला कशाला सांगताव? म्या त्याच्या लेकरांम्होरं त्याचा बाप काडलाय. त्याच्या दारात जाऊन सांगा. माझ्या तोंडानं आता तितं जाववत न्हाई." फोन ठेवला.

"जाशील?" जानकीबाईनं विचारलं.

"आत्ता जातो."

"मंग मी बी येते." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "योगिताला बगून सात-आठ म्हैने झाले."

गाडी पाटोद्यातून निघाली. जानकीबाई मागं बसली, सुरज पुढं बंकटकाकाच्या शेजारी. हेडफोन मागच्या सीटवर पडले होते. म्हातारीनं ते उचलून मांडीवर घेतले, जाळीवरून बोट फिरवलं. "ह्यात काय ऐकू येतं रं?"

"काही न्हाई, आजी. वायर कशातच न्हाई."

बंकटकाका गाडी चालवताना नेहमी गुणगुणायचा. आज गुणगुणला नाही. मांजरसुंब्याचा चौक आला, सुरजचा बॅनर मागं गेला, तेव्हा कुठं तो बोलला. "भैय्या, त्या दिशी घाटात..."

"ऐकलं, काका."

"सायबांना?"

"न्हाई सांगितलं."

बंकटकाकानं मान हलवली. काही अंतर गेल्यावर सुरजचा फोन वाजला. अण्णा. बातमी गाडीच्या आधी घरी पोचलेली असणारच. सुरज नुसता बघत राहिला.

"उचला," बंकटकाका म्हणाला. "अन् मला बी ऐकू द्या."

सुरजनं स्पीकर लावला.

"काय तमाशा केलास तितं?" सुंदररावांचा आवाज गाडीत भरला. "अन् बंकटचं काय झालं? हो का न्हाई?"

"काका शेजारी बसलेत, अण्णा."

"त्याला ऐकू जातं का मी बोलतो त्ये?"

"जातं."

पलीकडून फोन बंद झाला. बंकटकाकानं गिअर बदलला आणि गाडी केजच्या दिशेनं दामटली.

युसूफ वडगावात पोचले तेव्हा दिवे लागले होते. तानाजी अंगणात म्हशीला पेंड कालवत होता. साहेबांची गाडी दारात बघून तो हात झटकत धावत आला. मागच्या दारातून सासू उतरली तसा त्याचा चेहरा आवळला. उंबऱ्यात योगिता आली, आईला बघून पदर तोंडाला लावून तिथंच थांबली. पुढं यावं की नाही, हे नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवत राहिली.

पण पुढाऱ्याचा मान मोठा. तानाजीनं सगळा राग गिळला, सुरजच्या अगदी तोंडाजवळ आला, सवयीनं दोन्ही हात हलवले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला, "याऽऽ दादाऽऽ! बसाऽऽ! चहाऽऽ!"

सुरजनं त्याचा हलणारा हात धरून खाली केला.

"हळू बोल, तानाजी," तो म्हणाला. "मला ऐकू येतं. त्या दिवशी पंगतीत बी येत होतं."